चकतीवरची साक्ष

कागदाची एक गोल चकती. तळहाताहून थोडी मोठी, वर मेणासारखा पातळ थर, कडेला चोवीस तासांचे आकडे छापलेले. ट्रकच्या वेगमापकात ती बसवली की दिवसभरात स्वतःभोवती एकदा फिरते, आणि तीन बारीक सुया तिच्यावर तीन गोष्टी कोरत जातात: गाडीचा वेग, तिने कापलेले अंतर, आणि चालक त्या घटकेला गाडी हाकत होता, दुसरे काही काम करत होता की विसावा घेत होता. चकतीच्या मध्यभागी मोकळी जागा असते. तेथे चालकाने स्वतःच्या हाताने आपले नाव, निघण्याचे व पोहोचण्याचे ठिकाण, तारीख आणि किलोमीटरचे आकडे लिहावयाचे. म्हणजे मध्ये माणसाचे अक्षर आणि त्याला वेढून यंत्राचे अक्षर. या यंत्राचे नाव टॅकोग्राफ.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे ही चकती ठेवण्याचे आमचे कारण साधे आहे. कामगाराने स्वतःविषयी लिहिलेला मजकूर आणि कामगाराविषयी दुसऱ्याने लिहिलेला मजकूर यांतला फरक आपण आत्मकथनांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला आहे. येथे तिसरा प्रकार आहे. कामगाराच्याच हालचालींनी, त्याच्या पायाच्या दाबाने, पण त्याच्या इच्छेवाचून लिहिला जाणारा मजकूर. त्यावर सही त्याची, वाचणारा मालक किंवा सरकारी निरीक्षक, आणि शिक्षा झालीच तर बहुधा पुन्हा त्यालाच. हा मजकूर कसा जन्मला आणि त्याने कोणाला साक्षीदार केले, याचा हा लहानसा शोध.

आरंभ रस्त्यावर झाला नाही, रुळांवर झाला. वेगाची नोंद करणाऱ्या यंत्राचे श्रेय सामान्यतः माक्स मारिया फॉन वेबर (१८२२–१८८१) या जर्मन रेल्वे अभियंत्याला दिले जाते. संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर यांचा हा मुलगा. वडिलांचे विस्तृत चरित्र त्याने लिहिले, आणि रेल्वेवरच्या माणसांच्या कामाविषयी, त्यांच्या रात्रीविषयी, थंडीविषयी ललित लेखनही केले. तंत्रज्ञानाला साहित्याचा विषय करणाऱ्या पहिल्या जर्मन लेखकांत त्याची गणना होते. इंजिनवरच्या माणसाचे कष्ट शब्दांत मांडणारा आणि त्या माणसाच्या वेगाची नोंद यंत्राकडे सोपवणारा मनुष्य एकच असावा, हा योगायोग आम्हांला फार बोलका वाटतो. एका हाताने तो चालकाविषयी लिहीत होता. दुसऱ्या हाताने चालकाविषयी लिहिणारे यंत्र घडवत होता. त्याच्या मनात या दोन कृतींत विरोध नसावा. अपघात झाला की चालक एक सांगणार, स्टेशनमास्तर दुसरे. अशा वेळी कोणाचीही बाजू न घेणारी नोंद हवी, हा विचार त्या शतकाच्या स्वभावाला धरूनच होता. एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ साली आलेखपद्धतीवर ग्रंथ लिहिला, त्यामागेही हीच श्रद्धा होती. निसर्गाने स्वतःच स्वतःची नोंद करावी, मध्ये माणसाची भाषा नको.

रस्त्यावरच्या मालवाहतुकीत ही श्रद्धा यायला वेळ लागला. तोपर्यंत कायद्याचा भर माणसाच्या शब्दावरच होता. ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने चालकाच्या तासांवर मर्यादा घातली: सलग साडेपाच तास, आणि चोवीस तासांत अकरा. १९३३ च्या कायद्याने लेखी नोंदी ठेवण्याचे बंधन आणले. अमेरिकेत १९३५ च्या मोटर कॅरियर कायद्यानंतर आंतरराज्य वाणिज्य आयोगाने असेच नियम केले आणि चालकाच्या हातात लॉगबुक आले. तासांची ही वही चालकाने स्वतः भरावयाची. ती कशी भरली जाई हे तिला चालकांनी दिलेल्या नावावरून कळते. ते तिला ‘कॉमिक बुक’ म्हणत. कोणी दोन वह्या ठेवत, कोणी झोपेचे तास मागाहून आखत. थोडक्यात, लॉगबुक ही एक कथनपर रचना होती. तिच्यात कालक्रमाची मोडतोड होती, वगळणे होते, आणि वाचक कोण आहे याचे पक्के भानही होते.

पण या खोट्याचा लेखक केवळ चालक होता काय? चालकाला मजुरी मैलावर मिळे, किंवा खेपेवर. अंतर ठरलेले, मजुरीचा दर ठरलेला, कायद्याने तासही ठरलेले. मग या त्रैराशिकात हलवता येण्याजोगी एकच राशी उरते, ती म्हणजे वेग. तो वाढवला नाही तर तासांविषयी खोटे लिहावे लागे. तास खरे लिहिले तर वेगाविषयी गप्प राहावे लागे. मालकाला दोन्ही ठाऊक असे आणि दोन्हींपैकी काहीही त्याच्या सहीने लिहिले जात नसे.

साय एंडफील्ड या दिग्दर्शकाचा ‘हेल ड्रायव्हर्स’ (१९५७) हा ब्रिटिश चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही व्यवस्था निराळी समजावून सांगावी लागणार नाही. खडीचे ट्रक, अरुंद रस्ते, खेपेवर मजुरी, दिवसाकाठी अमुक खेपा झाल्याच पाहिजेत ही अट. जो मागे पडेल त्याला घरचा रस्ता. त्या जगात शिक्षा होते ती सावकाश जाण्याची. आमच्याकडे त्याहून जुने उदाहरण आहे. पेशवाईत पत्रे नेणाऱ्या जासूद-कासिदांच्या अजुरदार जोड्यांना किती दिवसांत पोहोचायचे ते बांधून दिलेले असे आणि अजुरा त्यावर अवलंबून असे. मराठीतला ‘मजल’ हा शब्दही एका दिवसात गाठायच्या टप्प्याचा वाचक. त्याच्यात थांबणे गृहीत आहे, कारण पाय आणि घोडा दोघेही थकतात. इंजिनाने मजलेतले हे थांबणे काढून घेतले. जलद जाण्याबद्दल मजुराला शिक्षा करावी, ही कल्पना त्या मानाने नवी आहे.

तीही प्रथम दयेपोटी आली नाही. वेग म्हणजे जास्त इंधन, झिजलेले टायर, बिघडलेली गाडी. वेगनोंदणीची यंत्रे ट्रकमालकांना भावली ती या हिशेबासाठी. जर्मनीत घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्लॅक फॉरेस्टच्या परिसरात, फिलिंगेन येथे, किन्झले कंपनी टॅक्सीचे मीटर बनवीत असे. तिनेच टॅकोग्राफ घरोघर, म्हणजे केबिनोकेबिनी, पोहोचवला. भाडे मोजणारे यंत्र आणि माणूस मोजणारे यंत्र एकाच कारखान्यातून बाहेर पडले. पश्चिम जर्मनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी जड ट्रकांना ते सक्तीचे केले, आणि युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० च्या नियमाने (क्रमांक १४६३/७०) ते सर्व सदस्य देशांवर लादले.

आता ब्रिटनकडे वळू, कारण या इतिहासातला खरा वाद तेथे झाला. बार्बरा कासल या मजूर पक्षाच्या मंत्री वाहतूक खाते सांभाळत असताना जे विधेयक आले, त्यातून १९६८ चा वाहतूक कायदा झाला. त्यात टॅकोग्राफची तरतूद होती. ती वर्षानुवर्षे कागदावर राहिली, कारण ट्रकचालकांच्या संघटनेचा तिला कडवा विरोध होता. ‘केबिनमधला हेर’ ही शिवी त्या काळात रूढ झाली आणि वर्तमानपत्रांनी उचलून धरली. शिवी म्हणून ती अचूक नाही, असे आमचे मत आहे. हेर लपलेला असतो. हे यंत्र चालकाच्या डोळ्यांसमोर असते आणि त्यात चकती घालण्याचे काम रोज सकाळी चालकालाच करावे लागते. फूकोच्या वाचकांना येथे बेंथमचा मनोरा आठवेल. आठवू द्यावा, पण सावधपणे. मनोऱ्यातला पहारेकरी आहे की नाही हे कैद्याला कळत नाही, म्हणून तो स्वतःवर नजर ठेवतो. ट्रकचालकाला मात्र नेमके ठाऊक असते की या क्षणी कोणी पाहत नाही. चकती पाहिली जाईल ती उद्या, परवा, किंवा अपघातानंतर. भय आहे ते उद्याच्या वाचकाचे. म्हणून ही गोष्ट नजरेपेक्षा लेखनाच्या अधिक जवळची आहे.

ब्रिटन १९७३ साली समुदायात गेले तरी टॅकोग्राफ त्याने ऐच्छिकच ठेवला. अखेर युरोपीय आयोगाने त्याला न्यायालयात खेचले. सक्ती केली तर संघटना विरोध करतील, संप होतील, वाहतूक बंद पडेल, असा ब्रिटिश सरकारचा बचाव होता. ७ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. व्यवहारातल्या अडचणी पुढे करून कोणत्याही देशाला एकट्याने नियमातून बाहेर पडता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. १९८१ च्या अखेरीस ब्रिटिश ट्रकांत चकत्या फिरू लागल्या.

संघटनेचा विरोध संपूर्णपणे चालकाच्या हिताचा होता असे मानण्याचे कारण नाही. जादा तासांतून मिळणारी कमाई चकतीमुळे बुडणार होती, आणि थकलेल्या चालकाच्या ट्रकपुढे येणाऱ्या माणसाला संघटना नसते. तरीही त्या विरोधात एक खोल शहाणपण होते. दिवसभराच्या कामाविषयी माझा शब्द पुरेसा आहे, हा कारागिराचा जुना अधिकार त्यांना सोडायचा नव्हता. पुढे काही चालकांनी दुसरी बाजूही अनुभवली. मालकाने तासांपलीकडे राबवले, मजुरी मात्र कमी दाखवली, तर तीच चकती मालकाविरुद्धही बोलू शकते. हेर दोन्हीकडची बातमी देतो.

चकतीला फसवण्याचे मार्ग अर्थातच निघाले. सुई किंचित वाकवावी, म्हणजे वेगाची रेषा खालीच राहते. यंत्रातले घड्याळ मागे फिरवावे. पेटीतल्या संवेदकाजवळ चुंबक लावावा, म्हणजे धावणारी गाडी उभी दिसते. दुसऱ्याच्या नावाची चकती घालावी. या क्लृप्त्यांना आम्ही पाठभेद म्हणू. त्यांच्या मागोमाग पाठचिकित्साही आली. सूक्ष्मदर्शकाखाली चकती वाचणारे तज्ज्ञ निर्माण झाले. रेषेची जाडी, तिचा कंप, तुटलेपणा यांवरून मूळ संहिता कोणती आणि प्रक्षेप कोणता हे ते न्यायालयात सांगू लागले. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांची पद्धत मुळीच परकी वाटणार नाही.

एक उणीव मात्र कोणत्याही चिकित्सेने भरून निघत नव्हती. चकती वेग सांगते आणि वेळ सांगते; स्थळ सांगत नाही. दुपारी तीन वाजता गाडी ताशी ८५ किलोमीटरने जात होती एवढे कळते. पण ती मोटरवेवर होती की एखाद्या गावातून, हे मध्यभागी चालकाने लिहिलेल्या दोन गावांच्या नावांवरून आणि अंतराच्या रेषेवरून ताडावे लागे. कोणत्या रस्त्यावर, हे न कळता वेगमर्यादेचा भंग सिद्ध करणे सोपे नसते. त्यामुळे अनेक वर्षे चकतीने पकडले ते मुख्यतः तास, आणि वेग निसटत राहिला. त्यावर युरोपने वेगळाच उपाय योजला. १९९२ च्या निर्देशाने १२ टनांवरच्या ट्रकांना ताशी ९० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवला. २००२ मध्ये ती अट साडेतीन टनांवरच्या वाहनांपर्यंत खाली आली. आता नोंदीची गरजच उरली नाही; इच्छा असली तरी पाय पुढे जात नाही. परिणाम कधी विनोदी झाला. ८९ ने जाणारा ट्रक ८८ ने जाणाऱ्याला ओलांडू पाहतो आणि दोघे मिळून मागची सारी रांग अडवतात. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात.

अमेरिकेत कथा निराळ्या वळणाने गेली. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी तेलटंचाईवरचा उपाय म्हणून देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. ५५ मैल म्हणजे ८८ किलोमीटर. मैलावर मजुरी घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही थेट मजुरीतली कपात होती, आणि डिझेलही महागले होते. डिसेंबर १९७३ मध्येच त्यांनी महामार्ग अडवले होते. १९७४ च्या आरंभी पुन्हा बंद पाळला गेला, त्यात हिंसाही झाली. पोलीस कोठे दडले आहेत हे एकमेकांना सांगण्यासाठी सीबी रेडिओ घराघरांत पोहोचला. येथे पाळत उलटी फिरली. पाहणाऱ्यांवर पाहणे सुरू झाले आणि त्यासाठी एक सांकेतिक बोलीच तयार झाली. या बोलीवर उभे राहिलेले ‘कॉन्व्हॉय’ हे गाणे १९७५ चे. त्यावरून सॅम पेकिनपा यांनी १९७८ साली चित्रपट काढला. रस्त्यावरचा बंडखोर म्हणून ट्रकचालकाची जी प्रतिमा लोकप्रिय झाली ती या चार-पाच वर्षांतली आहे. ती फार टिकली नाही. १९८० च्या कायद्याने मालवाहतुकीवरचे सरकारी दरनियंत्रण उठवले, स्पर्धा वाढली, मजुरी घसरली, आणि तो बंडखोर मोठ्या कंपन्यांचा नोकर झाला.

१९८८ साली क्वालकॉम कंपनीची ऑम्नीट्रॅक्स ही उपग्रह-प्रणाली आली; विस्कॉन्सिनमधली श्नायडर ही तिची पहिली मोठी गिऱ्हाईक. त्या दिवसापासून चकतीची जुनी उणीव भरून निघाली. आता वेगाला स्थळ मिळाले. शिवाय उद्याचा वाचक आजचा झाला. कार्यालयात बसलेला माणूस धावत्या गाडीचा मजकूर ती धावत असतानाच वाचू लागला. मर्यादेपेक्षा किती वर, किती वेळ, किती वेळा अचानक ब्रेक, या साऱ्याचे गुणपत्रक तयार होऊ लागले. शिक्षेची भाषाही बदलली. दंड हा शब्द मागे पडला. बोनस गमावणे, क्रमवारीत खाली जाणे, चांगल्या मार्गावरची खेप न मिळणे, ‘समुपदेशना’साठी बोलावणे, आणि शेवटी कामावरून कमी होणे, अशी ती उतरंड आहे. कॅरेन लेव्ही यांनी या कंपन्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास केला आहे. चालकांचे गुण सर्वांना दिसतील असे फलकावर लावण्याची रीत त्यांनी नोंदवली आहे. शाळेचा फळा प्रौढांच्या कामाच्या जागी परत आला तो असा.

२०१० साली अमेरिकी सरकारने नियमभंग करणाऱ्या कंपन्यांवर इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राची सक्ती केली, तेव्हा स्वतंत्र चालकांची संघटना न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये तो नियम रद्द झाला. कारण लक्षात घेण्यासारखे आहे. या यंत्रांचा वापर चालकांना छळण्यासाठी होणार नाही, याची काळजी सरकारने घेतली नाही, असे न्यायालय म्हणाले. पुढच्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून सक्ती आणली आणि १८ डिसेंबर २०१७ पासून ती लागू झाली. कॉमिक बुक संपले.

यानंतर जे घडले ते आमच्या वरच्या त्रैराशिकाची परीक्षाच म्हणावी लागेल. स्कॉट, बॉल्थ्रॉप आणि मिलर या तीन अभ्यासकांनी सरकारी तपासणीची आकडेवारी तपासली. त्यांचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तासांच्या नियमाचे पालन वाढले होते, याविषयी शंका नाही. अपघात मात्र घटल्याचे दिसेना. आणि लहान कंपन्यांच्या चालकांमध्ये बेफाम चालवण्याचे, त्यातही वेगमर्यादा ओलांडण्याचे गुन्हे वाढले होते. पूर्वी गोदामाच्या दारात माल चढण्याची वाट पाहण्यात चार तास गेले तर ते वहीतून पुसता येत. आता कामाचा दिवस सुरू झाल्यावर चौदा तासांचे घड्याळ थांबत नाही, आणि त्या वाट पाहण्याचे पैसे बहुतेकदा मिळतही नाहीत. खोटे लिहिण्याची सोय गेली तेव्हा हरवलेला वेळ रस्त्यावरच भरून काढावा लागला. जड वाहनांना वेगनियंत्रक सक्तीचे करण्याचा २०१६ चा अमेरिकी प्रस्ताव तसाच रेंगाळला आणि २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

आपल्याकडे चकती सरसकट आलीच नाही. लॉगबुकाच्या युगातून, खरे तर त्याच्याही आधीच्या युगातून, आपण एकदम उपग्रहाच्या युगात उतरलो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तो लागू नव्हता, आणि आपला ट्रकव्यवसाय बव्हंशी अशाच लहान मालकांचा. तेथे वेगावर देखरेख होते ती डिझेलातून. मालक खेपेचे डिझेल गाडीचा ‘ॲव्हरेज’ धरून मोजून देतो. जास्त लागले तर ते चालकाच्या पगारातून कापले जाते, वाचले तर त्याचे. पाय दाबला की खिसा फाटतो. यासाठी सुई लागत नाही, चकती लागत नाही. दुसऱ्या बाजूने मालाची घाई असतेच. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार झालेल्या बहुतेक मालवाहू वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा नियंत्रक आला, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेरे दोन ठिकाणांमधला सरासरी वेग काढूनही दंड पाठवतात.

या साऱ्या यंत्रणेपेक्षा आमचे लक्ष वेधले ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या एका पोटकलमाने. कलम १८३. पहिल्या पोटकलमात वेगाबद्दल चालकाला दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जड वाहनाला तो २,००० ते ४,००० रुपये आहे. दुसऱ्यात, आपल्या नोकराला तसे चालवायला लावणाऱ्यालाही दंड. आणि चौथ्यात असे म्हटले आहे की, वेगमर्यादा न मोडता जो प्रवास ठरवलेल्या वेळात पुरा होणे न्यायालयाला शक्य वाटत नाही, अशा प्रवासाचे वेळापत्रक प्रसिद्ध करणे किंवा तसा हुकूम देणे हाच ते करणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जाईल. ब्रिटिश कायद्यातही असेच कलम आहे. युरोपीय नियम (क्रमांक ५६१/२००६) त्यापुढे जाऊन रस्तासुरक्षा धोक्यात आणणारा, अंतरावर किंवा डिलिव्हरीच्या वेगावर आधारलेला बोनस देण्यासच मनाई करतो. पायाऐवजी तोंडाकडे वळणारी ही कलमे आहेत. परंतु त्यांना पुरावा लागतो, आणि ‘पहाटेपर्यंत भिवंडीत गाडी लागली पाहिजे’ हे वाक्य आजवर गोदामाच्या दारात किंवा फोनवर बोलले गेले आहे. त्याची चकती कोणी काढलेली नाही.